आपण वर्तुळाच्या आत की बाहेर?

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग होती. विषय नेहमीचेच... पार्किंग, पाण्याची टाकी, आणि जिन्यातले आग विझवायचे सिलिंडर रिफिल करायचे की नाही. त्या सिलिंडरांची तारीख दोन वर्षांपूर्वीच उलटून गेली आहे, पण भिंतीवर लाल लाल छान दिसतात म्हणून कोणाची काही तक्रार नसते. मी आपला मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसलो होतो. तेवढ्यात सेक्रेटरी काकांनी नेमकं मलाच पकडलं.

"काय रे, तू मध्यंतरी ते स्फोटाच्या सॉफ्टवेअरवर काम करत होतास ना? मग एक सांग. एमआयडीसीतली एखादी कंपनी उद्या उडाली, तर आपली बिल्डिंग त्या वर्तुळाच्या आत येते की बाहेर?"

"काका, तसं एकदम नाही सांगता येत. ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं..."

"म्हणजे तुला माहीत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर डोक्यातून जाईना. कारण काका बरोबर होते. मला माहीत नाही. आणि ज्याला माहीत असायला हवं त्याच्यासाठी बटणं मी स्वतः बनवून दिली आहेत. ते पुढे सांगतोच.

आम्ही डोंबिवलीकर, म्हणजे हा प्रश्न आमच्यासाठी पुस्तकी नाही. २६ मे २०१६, गुरुवार. मी इंजिनीअरिंगला होतो, सुट्टीत घरी लोळत पडलो होतो. दुपारी बाराच्या आधी एकदम असा आवाज झाला की मला वाटलं वरच्या मजल्यावर काहीतरी कोसळलं. आमच्या हॉलच्या दोन काचा गेल्या. आई स्वयंपाकघरात होती म्हणून वाचली, नाहीतर त्या वेळी ती रोज खिडकीशी बसून भाजी निवडते. एमआयडीसीतल्या प्रोबेस कंपनीत स्फोट झाला होता. १२ जण गेले, दोनशेहून जास्त जखमी. त्या स्फोटाच्या चौकशीचा अहवालसुद्धा नागरिकांना माहितीच्या अधिकारात मागून घ्यावा लागला. मग आठ वर्षांनी, २३ मे २०२४, पुन्हा गुरुवार, पुन्हा एमआयडीसी, या वेळी अमुदान केमिकल्स. दहाहून अधिक जीव गेले. सुरुवातीला सगळे 'बॉयलर फुटला' म्हणत होते, नंतर कळलं की रिॲक्टर होता. मी तेव्हा ऑफिसात होतो. आईचा फोन लागेपर्यंतची वीस मिनिटं मला अजून आठवतात.

तर असो. मुद्द्यावर येतो. माझं म्हणणं असं आहे की आगीचं आणि स्फोटाचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर ही फार चांगली गोष्ट आहे, आणि आपण तिचं सत्यनारायणाच्या पूजेसारखं करून टाकलंय. पूजा झाली, प्रसाद वाटला, फाईल कपाटात गेली. वर्तुळात राहणाऱ्याला मात्र वर्तुळ कुठे आहे याचा पत्ता नाही.

हे सॉफ्टवेअर करतं काय

आयटीतल्या माझ्या मित्रांनाही असं काही असतं हे माहीत नसतं, म्हणून थोडक्यात सांगतो. समजा कारखान्यात सॉल्व्हंटची टाकी आहे आणि तिच्या पाइपला भोक पडलं. त्या भोकातून मिनिटाला किती माल बाहेर येईल? जमिनीवर केवढं थारोळं होईल? त्यातून किती वाफ उठेल? वाऱ्याबरोबर ती कुठपर्यंत जाईल, आणि कुठपर्यंत पेट घेण्याइतकी दाट राहील? (पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड टक्का असली तरी पेटते.) आणि पेटलीच, तर किती अंतरावर किती धग लागेल, किती दाबाचा धक्का बसेल? हे सगळं एकापाठोपाठ एक मोजायचं आणि शेवटी सॅटेलाइट नकाशावर रंगीत वर्तुळं काढायची. धगीसाठी बहुतेक वेळा ३७.५, १२.५ आणि ४ किलोवॅट प्रति चौरस मीटर अशी तीन. पहिल्या वर्तुळात शेजारची यंत्रसामग्रीच खराब होते. दुसऱ्यात ठिणगी मिळाली तर लाकूड पेटतं. तिसऱ्यात उघड्या त्वचेला वीसेक सेकंदांत वेदना सुरू होतात.

यात डीएनव्हीचं 'फास्ट' आहे, नॉर्वेतल्या बर्गनमध्ये तयार झालेलं 'फ्लॅक्स' आहे. ही महागडी. फुकटातली पण आहेत. अमेरिकन सरकारचं 'अलोहा' कोणीही डाउनलोड करू शकतो. इमारतीतली आग आणि धूर बघायचा असेल तर तिथल्याच 'निस्ट' या संस्थेने २००० साली बाहेर आणलेलं 'एफडीएस' आहे. तेही फुकट, आणि सोर्स कोडसकट.

आणि हे ज्ञान स्वस्तात मिळालेलं नाही. १ जून १९७४ ला इंग्लंडमध्ये फ्लिक्सबरोच्या कारखान्यात सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला, २८ माणसं गेली. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातला 'पायपर अल्फा' हा तेलाचा प्लॅटफॉर्म जळाला, १६७ गेली. वाफेचा ढग नुसता जळतो कधी आणि फुटतो कधी, पाइपांच्या गर्दीत ज्योत वेग का घेते, हे शिकण्यामागे असे अपघात आहेत. म्हणूनच त्या समीकरणांची थट्टा करायची माझी तयारी नाही. माझं भांडण समीकरणांशी नाही, 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करणाऱ्या बोटांशी आहे.

माझी दोन दिवसांची करामत

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमला एक प्रोजेक्ट मिळालं. कारखान्यांचे सुरक्षा रिपोर्ट बनवणारी एक कन्सल्टन्सी होती. गणिताचं सॉफ्टवेअर त्यांनी विकत घेतलेलं. आमचं काम एवढंच, की त्यातून निघणाऱ्या फाईल्स घ्यायच्या आणि दीडेकशे पानांचा देखणा रिपोर्ट आपोआप तयार करून द्यायचा. मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, तक्ते, नकाशे, सगळं एका क्लिकमध्ये.

त्यांची एक खास मागणी होती. 'मागच्या प्रोजेक्टवरून कॉपी करा' असं बटण हवं. मी ते दोन दिवसांत करून दिलं. डेमोला टाळ्या पडल्या. मॅनेजर खूश, मी खूश. त्या वर्षी रेटिंगही बरं मिळालं. :)

मग टेस्टिंग करताना एक दिवस लक्षात आलं, की एका कारखान्याच्या रिपोर्टमध्ये वाऱ्याची आकडेवारी भलत्याच गावाची आली आहे. कारखाना समुद्राजवळचा आणि वारे पठारावरचे! बटणाने इमानदारीत कॉपी केली होती. मी बग टाकला. उत्तर आलं, "वाऱ्याचं पान कोण बघतं?" आणि बग बंद.

दुसरा प्रसंग जास्त वाईट. एका टाकीची गळती १० मिनिटं चालते असं धरलं होतं. वर्तुळ कंपाउंडची भिंत ओलांडून बाहेरच्या रस्त्यावर जात होतं. दुसऱ्या दिवशी तीच फाईल परत आली, तेव्हा गळती १ मिनिटाची झाली होती. एक मिनिटात माल कमी सांडतो, थारोळं लहान, वाफ कमी... वर्तुळ गपचूप भिंतीच्या आत. मी फोन करून विचारलं.

"सर, दहाचं एक कसं झालं?"

"अरे, ते ॲसम्प्शन आहे. ऑटोमॅटिक बंद होणारा व्हॉल्व्ह आहे ना तिथे."

"बसवलाय का?"

"बसवणार आहेत."

मी "ओके सर" म्हणालो आणि फोन ठेवला. हे कबूल करायला मला लाज वाटते, पण मी तेवढंच म्हणालो. सॉफ्टवेअरने त्या दिवशी काहीही चुकीचं केलं नव्हतं. १ मिनिटाचं उत्तर १ मिनिटासाठी अगदी बरोबर होतं. खोटं कुठे होतं, तर त्या एका चौकटीत. आणि ती चौकट छापून आली पान ९४ वरच्या तक्त्यात, बारीक टायपात. मुखपृष्ठानंतरच्या सारांशात मात्र मोठ्या अक्षरात होतं, की परिणाम कारखान्याच्या हद्दीबाहेर जात नाहीत.

आता कोणी म्हणेल, असं काय, इनपुट चुकलं की आउटपुट चुकणारच, हे तर पहिल्या सेमिस्टरला शिकवतात. बरोबर. पण आपल्या धंद्यात इनपुट चुकलं की कोणाचा तरी पिझ्झा चुकीच्या पत्त्यावर जातो. इथे ॲम्ब्युलन्स चुकीच्या अंतरावर उभी राहते.

एक फ्लॅट, दहा उत्तरं

तुम्ही म्हणाल, तुला एक लबाड कन्सल्टन्सी भेटली म्हणून सगळ्यांना झोडतोस का? नाही. प्रामाणिक माणसांचंही काय होतं ते ऐका.

२००६ च्या जुलैमध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या लोकांनी ग्लासगोतल्या डालमारनॉक भागात एका उंच इमारतीतला खराखुरा फ्लॅट पेटवला. सोफा, पुस्तकांची कपाटं, कॉम्प्युटर, सगळं सामान लावून, आणि जागोजागी सेन्सर बसवून. पेटवण्याआधी वेगवेगळ्या टीम्सना खोलीची मापं, सामानाची यादी, खिडक्या-दारं अशी सविस्तर माहिती दिली आणि सांगितलं, आग कशी वाढेल ते सिम्युलेट करा. निकाल मात्र कोणालाही आधी सांगितला नव्हता. दहा उत्तरं आली. त्यातली आठ एकाच सॉफ्टवेअरची, एफडीएसची होती. आणि उत्तरं? एकमेकांशीही जुळेनात आणि प्रत्यक्ष आगीशीही नीट जुळेनात. खोली एक, सॉफ्टवेअर एक, माहिती एक. फरक कुठे पडला, तर सोफा कसा जळतो, आग कशी पसरते हे कोणी काय धरलं त्यात. प्रत्यक्ष आकडे हातात आल्यावर मात्र मॉडेल जुळवता आलं. पेपर फुटल्यावर कोणीही पास होतो!

कारखान्यांच्या बाबतीतही असा प्रयोग युरोपात झाला आहे. एकाच अमोनियाच्या प्लांटचा धोका सात टीम्सनी आपापल्या पद्धतीने मोजला. त्याचा अहवाल २००२ साली डेन्मार्कच्या रिसो प्रयोगशाळेने छापला. उत्तरांत अनेक पटींचे फरक होते. हे सगळे अनुभवी लोक होते, कोणाला काही लपवायचं नव्हतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की नकाशावरची ती गुळगुळीत रेघ खोटं बोलते. आकडा म्हणून ती खोटी नसेल, पण आविर्भाव खोटा. २१२ मीटर असं लिहिलं, की वाचणाऱ्याला वाटतं २१३ मीटरवर चहा प्यायला हरकत नाही.

जे यादीतच नव्हतं

आता याहून मोठी गोष्ट. सॉफ्टवेअर तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं. न विचारलेल्या प्रश्नाचं देत नाही.

११ डिसेंबर २००५, रविवार, पहाटे. लंडनच्या उत्तरेला बन्सफील्ड नावाचा पेट्रोलियम डेपो. ९१२ नंबरच्या टाकीत पेट्रोल भरलं जात होतं. टाकीचा गेज अडकला, त्यामुळे कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर पातळी जागच्या जागी. शेवटचा उपाय म्हणून बसवलेला हाय लेव्हल स्विचही चालला नाही. टाकी भरून वाहायला लागली. सुमारे ३०० टन पेट्रोल बाहेर आलं. वारा जवळजवळ नव्हताच, म्हणून वाफेचा ढग धुक्यासारखा जमिनीलगत पसरत गेला. सहा वाजून एक मिनिटाने तो फुटला. वीसहून जास्त टाक्या जळाल्या, ४३ जण जखमी झाले. रविवारची पहाट म्हणून कोणी मेलं नाही, नाहीतर आजूबाजूला ऑफिसंच ऑफिसं होती.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) तोपर्यंत अशा डेपोसाठी सगळ्यात वाईट अपघात म्हणून काय धरत, तर पेट्रोलच्या थारोळ्याला लागलेली मोठी आग. उघड्या जागेत पेट्रोलच्या वाफेचा एवढा स्फोट होईल हे यादीतच नव्हतं. तेव्हाच्या पद्धतींनी तिथे २० ते ५० मिलीबार दाब निघाला असता. तपास करणाऱ्यांनी पार्किंगमधल्या चेपलेल्या गाड्या आणि लोखंडी पेट्या तपासून काढलेला अंदाज होता ७०० ते १००० मिलीबार. दहावीस पट! कारण शोधता शोधता ते येऊन पोचले कुठे, तर डेपोच्या कडेच्या झाडाझुडपांपाशी. त्या दाट फांद्यांमधून जाताना ज्योतीने वेग घेतला होता. शोभेची झाडं कोण मॉडेलमध्ये टाकतो?

आणि वारा. आपल्याकडच्या मी पाहिलेल्या रिपोर्टांत वाऱ्याच्या दोन ठरलेल्या जोड्या असायच्या. एक दिवसाची, सेकंदाला ५ मीटरची, आणि एक शांत रात्रीची, दीड मीटरची. त्याच्या खाली जायचंच नाही. कारण साध्या मॉडेलमध्ये वाऱ्याचा वेग भागाकारात खाली असतो. शून्य टाकलं की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. अलोहाच्या मॅन्युअलमध्येही सरळ लिहिलंय, की वारा अगदी मंद असेल तर उत्तरांवर भरवसा ठेवू नका. पण मॅन्युअल वाचतो कोण?

यावर कोणी म्हणेल, झालं ते इंग्लंडात. तर मग २९ ऑक्टोबर २००९ ची संध्याकाळ घ्या. जयपूरजवळ सीतापुरा, इंडियन ऑइलचा डेपो. पाइपलाइनचं काम चालू असताना व्हॉल्व्हमधून पेट्रोलचं कारंजं उडालं. टाकीचा व्हॉल्व्ह कंट्रोल रूममधून बंद करता आला नाही. सव्वा तासाच्या आसपास पेट्रोल वाहत राहिलं, मंद वाऱ्यात ढग डेपोभर पसरला, आणि फुटला. ११ जण गेले. आग विझवता येण्यासारखी नव्हती, जवळजवळ अकरा दिवस ती जळू द्यावी लागली. बन्सफील्डला जाऊन तेव्हा चार वर्षं होत आली होती. तिथल्या तपासाचे अहवाल इंटरनेटवर फुकट पडलेले होते. तेच पेट्रोल, तोच न वाहणारा वारा.

आता वर सांगितलेलं माझं ते १० मिनिटांचं १ मिनिट आठवा. जयपूरला गळती सव्वा तास चालली. कारण जो व्हॉल्व्ह कंट्रोल रूममधून बंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. आमचा तर 'बसवणार आहेत' मध्ये होता.

आणि डोंबिवलीचं काय?

इथे मला आमच्याच लोकांना एक कटू गोष्ट सांगायची आहे. रिॲक्टरमधली रासायनिक क्रिया हाताबाहेर जाते तेव्हा ही वर्तुळं काढणारी सॉफ्टवेअर्स फार उशिरा कामाला येतात. भांडं फुटलं तर पुढे काय, ते ती सांगतात. भांडं फुटेल का, किती तापमानाला, कूलिंग बंद पडल्यावर हातात किती मिनिटं असतात, याचं उत्तर प्रयोगशाळेत मिळतं. कॅलरीमीटरमध्ये थोडासा माल घेऊन, तापवून, बघून. ते आकडे नसतील तर कॉम्प्युटरला काय खायला घालणार? आणि हे काम छोट्या युनिटला खर्चाचं वाटतं. त्यात कायद्याच्या बऱ्याचशा मोठ्या अटी ठराविक साठ्याच्या वर लागू होतात. म्हणजे माल थोडा, युनिट छोटं, कागदपत्रं कमी... आणि शेजारच्या बिल्डिंगला कुठे माहीत असतं, की आपल्या भिंतीपलीकडचं युनिट छोटं आहे ते?

दुसरी गोष्ट, कंपन्या इथे आधी आल्या, घरं नंतर. हे खरंच आहे, आणि कारखानदार ते बोलून दाखवतात तेव्हा त्यांचं चूक नसतं. पण मग वर्तुळाचा उपयोग काय होता? तो हाच होता, की घरांना परवानगी देताना नकाशा समोर ठेवायचा. आपण एका टेबलावर वर्तुळ काढलं आणि दुसऱ्या टेबलावर त्याच वर्तुळात सात मजले मंजूर केले. दोन्ही टेबलांवरचे शिक्के खरे!

"लोक घाबरतील हो"

हे वाक्य मी मीटिंगांत इतक्या वेळा ऐकलंय की आता झोपेतही म्हणून दाखवीन. वर्तुळं लोकांना दाखवली तर लोक घाबरतील, मोर्चे येतील, जागेचे भाव पडतील, घातपात करणाऱ्यांच्या हाती माहिती लागेल.

घातपाताचा मुद्दा मी मानतो. टाकीचा नंबर, व्हॉल्व्ह कुठे आहे, हे कोणी छापा असं म्हणतच नाहीये. पण स्फोट झाला तर माझ्या खिडकीची काच आत येईल की नाही, हे माझ्यापासून लपवून कोणत्या अतिरेक्याचा पराभव होतो?

घाबरण्याचं म्हणाल, तर १३ मे २००० ला नेदरलँड्समधल्या एन्शेडे गावात वस्तीतलं फटाक्यांचं गोदाम उडालं, २३ माणसं गेली. त्यानंतर तिथे धोक्याचे नकाशे लोकांसाठी खुले झाले. आज कोणीही आपला पत्ता टाकून बघू शकतो. शिवाय तिथल्या सरकारने धोका मोजायला एकच ठरलेलं सॉफ्टवेअर आणि एकच पद्धत लावून दिली, म्हणजे कन्सल्टंट बदलला की वर्तुळ बदललं असं होत नाही. तो देश काही घाबरून रिकामा झालेला नाही.

आणि आपला कायदा? इथे मी स्वतः चाट पडलो. भोपाळनंतर, १९८७ साली, फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम घातलं गेलं, की धोकादायक कारखान्याने कामगारांना आणि आसपासच्या जनतेलाही धोक्याची माहिती द्यायची. तो कायदा जाऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये नवा सुरक्षा कोड लागू झाला, त्यातही हे आहे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत नियम १५ आहे. मोठ्या अपघाताची झळ ज्यांना लागू शकते त्यांना धोका कोणता, उपाय काय केलेत, आणि अपघात झाला तर काय करायचं, काय नाही करायचं, हे कळवलं पाहिजे. कारखान्याच्या आतली आपत्कालीन योजना कारखान्याने करायची, बाहेरची जिल्हा प्रशासनाने. सगळं लिहिलेलं आहे. मी जन्मायच्या आधीपासून लिहिलेलं आहे. मी या घरात लहानाचा मोठा झालो, शाळेत गेलो, दोन स्फोट पाहिले... आमच्या दारात आजवर एक चिठ्ठी आली नाही.

मग करायचं काय

नुसतं झोडपून पळून जाणं बरं नाही, म्हणून माझ्या मागण्या सांगतो. यातल्या एकीलाही नवीन सॉफ्टवेअर लागत नाही.

एक. रिपोर्टचं पहिलं पान इनपुटचं असावं. भोक किती मोठं धरलं, गळती किती मिनिटं, वारा कुठला, कोणता व्हॉल्व्ह चालेल असं धरलं आणि तो आज प्रत्यक्ष बसवलेला आहे का. खाली नावानिशी सही. 'बसवणार आहेत' हे गृहीतक धरता येणार नाही.

दोन. व्हॉल्व्ह चाललाच नाही आणि वारा पडलेला आहे, ही केस प्रत्येक ज्वालाग्राही साठ्यासाठी सक्तीची. साध्या मॉडेलला ते जमत नसेल तर तसं लिहा आणि ज्याला जमतं ते वापरा.

तीन. एकच उत्तर नको, पट्टा द्या. "१५० ते ४०० मीटर" हे "२१२ मीटर"पेक्षा कमी देखणं आहे, पण जास्त प्रामाणिक आहे.

चार. अपघात झाला की त्या कारखान्याचा जुना रिपोर्ट उघडा आणि फुटलेल्या काचांशी ताडून बघा. आपला सर्व्हर तासभर बंद पडला तर आपण दहा पानी पोस्टमॉर्टेम लिहितो. बन्सफील्डच्या लोकांनी चेपलेल्या गाड्या मोजल्या म्हणून मॉडेल सुधारलं. आपण काचा झाडून गोणीत भरतो आणि संध्याकाळी नवीन बसवतो.

पाच. वर्तुळात राहणाऱ्याला वर्तुळ दाखवा. एका कागदावर, मराठीत. भोंगा वाजला तर खिडकीपाशी जाऊ नका, एवढं जरी लिहिलं तरी पुष्कळ झालं. स्फोटाआधी धूर दिसला की आपण सगळे काय करतो? मोबाईल घेऊन काचेजवळ जातो.

हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखे कोड लिहिणारे बरेच असणार, म्हणून शेवटचं तुमच्यासाठी. आपल्याला वाटतं आपण फक्त बटण बनवतो, दाबणारा दुसरा असतो. मी पण तसंच समजत होतो. त्या 'कॉपी करा' बटणाच्या शेजारी "वाऱ्याची माहिती याच ठिकाणची आहे का?" एवढी एक चौकट टाकायला मला अर्धा तास लागला असता. कोणी मागितली नव्हती म्हणून मी टाकली नाही. त्या बटणाने आजवर किती रिपोर्ट काढले असतील, याचा विचार आला की पोटात कसंतरी होतं.

परवा रात्री जेवण झाल्यावर मी काकांकडे गेलो. म्हटलं, "काका, मला माहीत नाही हे खरं. पण कोणाला विचारायचं ते माहीत आहे." मग आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला. एक औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला, एक जिल्हाधिकारी कार्यालयाला. आमच्या बिल्डिंगपासून दोन किलोमीटरच्या आत नियम १५ खाली येणारे कारखाने कोणते, त्यांनी लोकांना काय कळवलं, आणि बाहेरच्या आपत्कालीन योजनेत आमचा रस्ता आहे का. माहितीचा अधिकार, दहा रुपयांचा स्टॅम्प. काकांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे वर्तुळाचं ठीक आहे. पण आधी ते जिन्यातले सिलिंडर भरून घेऊ."

सोमवारी सिलिंडरवाला येतोय. अर्ज मंगळवारी पोस्टात पडतील. तीस दिवसांनी काय उत्तर येतं ते इथेच सांगेन. तोपर्यंत तुम्हीही आपापल्या सोसायटीत तोच प्रश्न विचारून बघा... आपण वर्तुळाच्या आत की बाहेर?